घटनेतलं एक वाक्य: २००८ साली मीच घातलं, २०२४ साली मीच काढलं

मोगरा (सनीवेल, कॅलिफोर्निया)
१२ नोव्हेंबर २०२५

परवा सोमवारी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने किम डेव्हिस यांचा अर्ज सुनावणीला घ्यायलाच नकार दिला. केंटकीत काउंटी क्लार्क असताना २०१५ साली समलिंगी जोडप्यांना लग्नाचा परवाना द्यायला ज्यांनी नकार दिला होता, त्याच या. समलिंगी विवाहाला देशभर मान्यता देणारा ओबर्गफेल निकालच उलटवा, अशी या वेळी त्यांची मागणी होती. बातमी आली तेव्हा मी कुकर लावत होते. लेकीचा मेसेज आला, "आई, वाचलंस?" तेवढंच. शिट्ट्या मोजायचं राहून गेलं.

लेकीचं लग्न यंदा मे महिन्यात झालं, एका मुलीशी. सून म्हणजे फ्रेझ्नोच्या एका मेक्सिकन कुटुंबातली थोरली लेक. इथल्या वाचकांपैकी कुणाला हे पटेल, कुणाला नाही. पण मला लिहायचंय ते आमच्या राज्याच्या घटनेबद्दल, आणि मतपत्रिकेवर मी स्वतः केलेल्या एका खुणेबद्दल.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं आधीचं सांगते. इथे प्रत्येक राज्याला स्वतःची राज्यघटना असते. कॅलिफोर्नियाची सध्याची घटना १८७९ ची. ती बदलायची तर मतदारांना विचारावंच लागतं. एक तर विधिमंडळाची दोन्ही सभागृहं दोन-तृतीयांश मतांनी दुरुस्ती मतदारांपुढे ठेवतात, नाहीतर लोकच सह्या गोळा करून दुरुस्ती मांडतात. कशीही आली तरी साध्या बहुमताने मंजूर होते.

२००८ च्या वसंतात मी नागरिकत्वाची शपथ घेतली. त्याच मे महिन्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहावरची बंदी घटनाबाह्य ठरवली आणि १६ जूनपासून लग्नं लागायला लागली. सॅन फ्रान्सिस्कोत पहिलं लग्न डेल मार्टिन आणि फिलिस लायन यांचं लागलं. पन्नासहून जास्त वर्षं एकत्र संसार केलेल्या म्हाताऱ्या बायका त्या. २००४ साली त्यांनी एकदा लग्न केलं होतं, ते कोर्टाने रद्द केलं होतं. हे दुसरं लग्न लागलं आणि अडीच महिन्यांत डेल मार्टिन गेल्या. हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला दिसत होत्या त्या गल्लोगल्ली लागलेल्या पिवळ्या पाट्या: "प्रपोझिशन ८ ला होय".

प्रपोझिशन म्हणजे मतपत्रिकेवरचा प्रस्ताव. ही घटनादुरुस्ती सह्या गोळा करून आली होती. घटनेत एकच वाक्य घालायचं होतं: केवळ एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यातला विवाहच कॅलिफोर्नियात वैध किंवा मान्य राहील. टीव्हीवर जाहिरात चालायची की हे वाक्य आलं नाही तर शाळेत लहान मुलांना असल्या लग्नांबद्दल शिकवतील. आमच्या भिशीच्या ग्रुपमध्ये हीच चर्चा. माझी लेक सहावीत होती. मी घाबरले. कुणाचा द्वेष म्हणून नाही, पण त्या दोघींसारखी माणसं माझ्या घराच्या आसपासही नसणार, असं मी गृहीत धरलं होतं.

आमचं मतदान केंद्र शेजारच्या गल्लीतल्या एका घराच्या गॅरेजमध्ये होतं. कपाट, सायकली बाजूला सारून टेबलं मांडलेली. आयुष्यातलं अमेरिकेतलं पहिलं मत. लेकीला मुद्दाम सोबत नेलं होतं, तिनेही बघावं म्हणून. वर ओबामांना मत दिलं आणि खाली आठ नंबरपुढे "होय" केलं. मिळालेलं स्टिकर तिच्या जाकिटावर लावलं. गाडीत तिने विचारलं, "आठला काय केलंस?" मी अभिमानाने सांगितलं.

५२ टक्के मतांनी ते वाक्य घटनेत गेलं. सत्तर लाख "होय" होते, त्यातलं एक माझं.

२०२० मध्ये लॉकडाउनमुळे लेक घरी राहायला आली होती. चोवीस वर्षांची. जुलैतल्या एका रात्री ओट्याशी उभी राहून तिने मला सांगितलं. रडली नाही. मीच विचारलं, इतकी वर्षं का नाही बोललीस? म्हणाली, "त्या दिवशी गाडीत मी ठरवलं होतं, आईला कधीच सांगायचं नाही."

बाराव्या वर्षी, स्टिकर लावून, मागच्या सीटवर बसून तिने हे ठरवलं. मी आरशात बघितलंसुद्धा नव्हतं.

२०१३ पासून ते वाक्य लागू नव्हतं. फेडरल न्यायाधीश वॉन वॉकर यांनी २०१० मध्येच ते अवैध ठरवलं होतं, पुढे सुप्रीम कोर्टात अपील टिकलं नाही आणि २८ जून २०१३ पासून लग्नं पुन्हा सुरू झाली. पण घटनेच्या छापील मजकुरातून ते हललं नव्हतं. कोर्ट कलम लागू करायचं थांबवतं, खोडत नाही. खोडायचं काम मतदारांचं. २०२३ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती मंजूर केली आणि २०२४ च्या नोव्हेंबरात ती प्रपोझिशन ३ म्हणून आमच्यापुढे आली. जुनं वाक्य काढायचं आणि त्या जागी "विवाह करण्याचा हक्क हा मूलभूत हक्क आहे" असं लिहायचं.

आता मतपत्रिका पोस्टाने घरी येते. डायनिंग टेबलावर काचेखाली माझ्या आईने विणलेला रुमाल आहे, त्यावर ती उघडली. तीन नंबरचा गोल भरताना पेन इतकं दाबलं की मागच्या बाजूला वळ उठला. लिफाफ्यावर सही केली, लेकीला फोन करून बोलावलं आणि लायब्ररीबाहेरच्या पेटीत तो तिच्या हाताने टाकायला लावला. ६२ टक्क्यांहून जास्त मतांनी दुरुस्ती मंजूर झाली.

भिशीतल्या एकीने विचारलं, लग्नं तर चालूच आहेत, मग मेलेल्या कलमासाठी एवढा खटाटोप कशाला? तिला जे सांगितलं तेच इथे मांडते. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा पन्नास वर्षांचा निकाल उलटवला. न्यायमूर्ती थॉमस यांनी त्यात वेगळं लिहून ओबर्गफेलचाही फेरविचार व्हावा असं म्हटलं. त्यानंतर ॲरिझोनात काय झालं बघा. तिथे गर्भपातबंदीचा १८६४ चा कायदा पुस्तकात तसाच पडून होता. ॲरिझोना राज्य व्हायच्याही आधीचा. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो लागू करता येईल असं ठरवलं, आणि विधिमंडळाला धावपळ करून रद्द करावा लागला. म्हणून मी मेलेलं कलम म्हणत नाही, झोपलेलं म्हणते.

---

चाफा (कोल्हापूर)
मोगराताई, दोनदा वाचलं. आरशाचं वाक्य वाचून थांबले जरा. माझाही मुलगा चौदाचा आहे.

---

शांतिपर्व (नागपूर)
मोगराताई, तुमच्या भावनेचा आदर राखून माझं मत वेगळं आहे, ते मांडतो. विवाह हा माझ्या दृष्टीने संस्कार आहे. तो सरकारने बनवला नाही, तर सरकारने त्याची व्याख्या बदलावी का? हा एक मुद्दा. दुसरा जास्त महत्त्वाचा. २००८ ला सत्तर लाख लोकांनी कौल दिला आणि एका न्यायाधीशाने तो बाजूला सारला. मग लोकशाहीत लोकांना विचारायचं तरी कशाला? तिसरं, "विवाह हा मूलभूत हक्क" असं मोघम लिहिलं की वयाची, नात्याची, एकाच जोडीदाराची अट उद्या कुणी आव्हान देऊन पाडणार नाही कशावरून?

---

नाशिककर_सिॲटल
शांतिपर्वकाका, तिसऱ्या मुद्द्यावर मी लिहितो. २०२४ च्या प्रचारात विरोधकांचा नेमका हाच आक्षेप होता आणि तो मतदारांच्या अधिकृत पुस्तिकेतही छापला होता. पण वय, नातं, एका वेळी एकच विवाह, या अटी कॅलिफोर्नियाच्या फॅमिली कोडमध्ये आहेत आणि तिथेच राहिल्या. मूलभूत हक्क म्हणजे बिनशर्त हक्क नव्हे. सबळ कारण असेल तर त्यावर मर्यादा घालता येते, आणि बालकांचं संरक्षण याहून सबळ कारण कुठलं? विवाह हा मूलभूत हक्क असल्याचं सुप्रीम कोर्टाने १९६७ च्या लव्हिंग खटल्यातही, भिन्नवंशीय विवाहांवरची बंदी उठवताना, म्हटलंय. त्यानंतरच्या अठ्ठावन्न वर्षांत वयाची अट किंवा द्विभार्याबंदी पडलेली नाही.

माझंही सांगतो. मी आणि माझा नवरा, दोघेही मराठी, दोघेही भारतीय पासपोर्टवाले. तो इथे विद्यार्थी होता, मी एच-वन-बीवर. आम्ही जानेवारी २०२१ मध्ये लास व्हेगासला लग्न केलं, मुद्दाम नेवाडा निवडून. आदल्याच नोव्हेंबरात तिथल्या लोकांनी, "लिंग कोणतंही असो, राज्य जोडप्यांना परवाना देईल आणि विवाह मान्य करेल", असं घटनेत लिहिलं होतं. असं लिहिणारं ते पहिलं राज्य. त्याच दुरुस्तीत धर्मसंस्थांना आणि पुरोहितांना विवाह लावायला नकार देण्याचा हक्कही आहे, हे काकांच्या पहिल्या मुद्द्यासाठी. संस्कार त्यांच्याकडे राहिला, नोंद सरकारकडे.

त्याच नेवाडाने २००० आणि २००२ मध्ये, दोन्ही वेळा दोन-तृतीयांशाच्या आसपास मतांनी, बंदी घटनेत घातली होती. तिथे लोकांनी मांडलेली घटनादुरुस्ती दोन निवडणुकांत मंजूर व्हावी लागते, म्हणून दोनदा. काढताना विधिमंडळाने २०१७ आणि २०१९ अशी दोनदा मंजुरी दिली, मग लोकांनी.

लग्नाचा परवाना देणाऱ्या ब्युरोत आम्ही मास्क लावून रांगेत. पुढे कानसासचं एक म्हातारं जोडपं, मागे आम्ही. खिडकीतल्या बाईंनी दोघांची नावं विचारली, आडनाव बदलायचंय का विचारलं, पासपोर्ट बघितले, पैसे घेतले. दहा मिनिटं. आणखी एकही प्रश्न नाही. नवऱ्याला बाहेर येऊन पायरीवर बसावं लागलं, त्याचे पाय थरथरत होते. त्याच कागदावर त्याला पुढे एच-फोर, म्हणजे जोडीदाराचा व्हिसा, मिळाला.

मुंबईला उतरलो की त्या कागदाचा कायद्याने काही उपयोग नसतो. मागच्या वर्षी त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन तिकडे करावं लागलं, तेव्हा संमतीपत्रावर सहीला त्याच्या चुलतभावाला जळगावहून बोलवावं लागलं. मी बाजूलाच उभा होतो.

---

शांतिपर्व (नागपूर)
नाशिककर, शेवटचा परिच्छेद वाचून वाईट वाटलं. मनापासून सांगतो, असं कुणावर येऊ नये. तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर पटलं. दुसऱ्याचं अजून नाही.

---

जुना_पिंपळ (हंट्सव्हिल, अलाबामा)
शांतिपर्व, वयाने मी तुमच्याहून मोठा असेन, म्हणून दुसऱ्या मुद्द्यावर बोलतो. वय ७९.

१९७२ साली मी इथे एका गोऱ्या मुलीशी लग्न केलं. अलाबामाच्या १९०१ च्या घटनेत कलम १०२ होतं: गोरी व्यक्ती आणि नीग्रो किंवा नीग्रोवंशीय व्यक्ती यांच्या विवाहाला मान्यता देणारा कायदा विधिमंडळ कधीही करणार नाही. लव्हिंग निकालाने अशा सगळ्या बंद्या पाच वर्षांपूर्वीच संपल्या होत्या, आणि त्या कलमातला शब्द माझ्यासाठी नव्हताही. पण परवाना द्यायला बसलेल्या माणसाने माझ्या हाताच्या रंगाकडे पाहिलं, आत गेला, अर्ध्या तासाने बाहेर आला. आत कुणाला काय विचारलं ते त्याने सांगितलं नाही. माझी बायको तो अर्धा तास माझा हात धरून उभी होती, एवढं आठवतं.

ते कलम घटनेतून निघालं नोव्हेंबर २००० मध्ये. लव्हिंगनंतर तेहेतीस वर्षांनी. आणि तेव्हाही दर दहांतल्या चार मतदारांनी ते राहू द्या म्हणून मत दिलं. आमची मुलं तेव्हा पंचविशीत होती. किराणा घ्यायला गेलो की मी रांगेतली माणसं मोजायचो. दहांत चार.

कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने भिन्नवंशीय विवाहावरची बंदी १९४८ मध्येच उठवली होती. त्या दिवशी तिथे मतदान घेतलं असतं तर ती बंदी उठली असती, असं मला वाटत नाही. दुसऱ्याने कुणाशी संसार करायचा हे बहुमताने ठरवू नये, म्हणून आधी कोर्ट. पण नुसत्या कोर्टावर सोडलं की न्यायाधीश बदलले की भीती परत येते. म्हणून मग लोकांनीही आपल्या हाताने खोडावं. मला दोन्ही हवं आहे. मोगराताईंनी केलं ते मला म्हणूनच मोठं वाटतं.

---

शांतिपर्व (नागपूर)
पिंपळकाका, नमस्कार. यावर मला विचार करावा लागेल. घाईने उत्तर देत नाही.

---

भीमथडी (बारामती)
माहितीपूर्ण धागा. एक साधा प्रश्न. आपल्याकडे राज्यांना घटना नाही, पण महाराष्ट्र स्वतःपुरता असा कायदा करू शकेल का?

---

वकीलबाई (पुणे)
भीमथडी, चांगला प्रश्न. विवाह आणि घटस्फोट हे विषय समवर्ती सूचीत, पाचव्या क्रमांकावर आहेत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. हे कागदावरच आहे असं नाही. तामिळनाडूने १९६७ मध्ये हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ घातलं आणि भटजीशिवाय, हार-अंगठी घालून केलेली स्वाभिमान विवाह पद्धतीची लग्नं वैध केली. आपल्याकडे शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याने मान्यता दिली होती, देशाची वाट न बघता. तेव्हा रस्ता आहे, चालायची इच्छा लागते.

सद्यस्थिती अशी. आपल्या सुप्रीम कोर्टाच्या समलिंगी विवाहाबद्दलच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालात पाचही न्यायमूर्तींचं एका गोष्टीवर एकमत होतं, की आपल्या घटनेत विवाहाचा मूलभूत हक्क नाही. विवाहाऐवजी निदान नागरी सहजीवनाला मान्यता द्यावी का, यावर तीन विरुद्ध दोन असं होऊन तेही गेलं. फेरविचार याचिका या जानेवारीत फेटाळल्या. कोर्टाने चेंडू संसदेकडे टाकला आहे. २०२२ मध्ये सुप्रियाताई सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, ते पुढे सरकलं नाही. २०२४ मध्ये केंद्राने दोन-तीन गोष्टी स्पष्ट केल्या: अशा जोडप्यांना बँकेत जोडखातं उघडता येईल, जोडीदाराला नॉमिनी करता येईल, एकाच रेशनकार्डावर नावं घालता येतील.

नाशिककर, तोवर माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांना सांगते तेच तुम्हाला. दोघांनी मृत्युपत्र करा, आणि उपचारांबद्दलचं आगाऊ वैद्यकीय निर्देशपत्र करून त्यात एकमेकांची नावं घाला. त्याचे नियम सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सोपे केलेत, नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर होतं. ते प्रामुख्याने अखेरच्या आजारपणासाठी आहे आणि त्याने लग्न होत नाही, पण दवाखान्यात दाखवायला हातात काहीतरी कागद राहतो.

---

नाशिककर_सिॲटल
वकीलबाई, आभार. डिसेंबरात येतोय, दोघं मिळून करूनच परत येऊ.

---

कोरी_पाटी (ठाणे)
मोगराताई, ओबर्गफेल उद्या खरंच उलटला तर तुमच्या लेकीच्या लग्नाचं काय होईल? की ते प्रपोझिशन ३ मुळे पक्कं?

---

मोगरा (सनीवेल, कॅलिफोर्निया)
सगळ्यांचे आभार. पिंपळकाका, तुमची पोस्ट लेकीला वाचून दाखवली, तिला मराठी वाचायला वेळ लागतो. "दहांत चार" वर ती बराच वेळ काही बोलली नाही.

कोरी_पाटी, मला समजलं ते असं. डिसेंबर २०२२ मध्ये बायडेन यांनी सही केलेला एक केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार एका राज्यात वैध झालेलं लग्न दुसऱ्या राज्याने आणि केंद्राने मान्य करायचं. पण परवाना देण्याची सक्ती तो कुठल्याही राज्यावर करत नाही. परवाना देणं ही राज्याची बाब. म्हणजे ओबर्गफेल गेला तर ज्या राज्यांच्या घटनेत अजून बंदी छापलेली आहे, आणि ती दोन डझनांहून जास्त आहेत, तिथल्या मुलामुलींना लग्नासाठी राज्य ओलांडून जावं लागेल. आमच्या राज्यात खिडकी उघडी राहील, ती घटनेमुळे. आमच्याबरोबर २०२४ मध्ये कोलोरॅडोनेही आपल्या घटनेतली २००६ ची बंदी काढली आणि हवाईने १९९८ चं कलम. हवाईत तर घटनादुरुस्तीवर कोरी सोडलेली मतं "नाही" धरतात, तरी मंजूर झालं.

प्रपोझिशन ८ आधी लग्न केलेल्या अठरा हजारांच्या आसपास जोडप्यांची लग्नं कोर्टाने २००९ मध्ये कायम ठेवली, पण मधल्या सहा महिन्यांत ती माणसं आपण विवाहित आहोत की नाही हे न कळता झोपत असतील. माझ्या मतामुळे. त्याबद्दल कुणाची माफी मागायची ते मला अजून उमगलेलं नाही.

चाफा, तू व्यक्तिगत निरोपात विचारलंस की सुनेला लेक काय म्हणते, नाती कशी बसवली. माझी आई ८६ वर्षांची, साताऱ्याला असते. लग्नानंतर दोघींना घेऊन गेले, तेव्हा पोटात गोळा होता. आईने दोघींना पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं आणि दोघींची ओटी भरली. दोन खण, दोन नारळ, तांदूळ मोजून पाच-पाच ओंजळी. सुनेने पदर कसा धरायचा ते लेकीकडे बघून केलं, थोडे तांदूळ सांडले. मी आईला विचारलं, हिला सून म्हणायचं की जावई? आई तांदूळ वेचत म्हणाली, "दोघी आपल्याच घरच्या, दोघींना पोरी म्हण."

---

चाफा (कोल्हापूर)
🙏 आजींना नमस्कार सांगा.

---

दवबिंदू (ॲशबर्न, व्हर्जिनिया)
आमच्या राज्यात २००६ ला ५७ टक्क्यांनी बंदी घटनेत गेली आहे, अजून तशीच. ती काढण्याची दुरुस्ती विधिमंडळाने यंदा एकदा मंजूर केली. मध्ये प्रतिनिधिगृहाची निवडणूक व्हावी लागते, ती परवाच ४ तारखेला झाली. नव्या विधिमंडळाने पुन्हा मंजूर केली तर नोव्हेंबर २०२६ मध्ये आमच्यापुढे येईल. माझ्या आईबाबांना गेल्या महिन्यात नागरिकत्व मिळालं, त्यांचं ते पहिलं मोठं मतदान असेल. आईला हा धागा वाचायला देऊ का, मोगराताई?

---

मोगरा (सनीवेल, कॅलिफोर्निया)
जरूर दे. आणि एक कर. प्रश्नाचे शब्द छापून आले की तिच्याशेजारी बसून मराठीत समजावून सांग. २००६ ला तुमच्याकडे "होय" म्हणजे बंदी होती, या वेळी "होय" म्हणजे बंदी काढणं. आमच्याकडेही २००८ आणि २०२४ असंच उलटसुलट होतं. मत काय द्यायचं ते तिचं ती ठरवेल. खूण करण्याआधी तिला एवढंच विचार, हे वाक्य ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यापैकी कुणी आपल्या घरात असेल का. मला ते कुणी विचारलं नव्हतं, आणि ती मागच्या सीटवर बसली होती.